ऑस्ट्रेलियाचे स्वातंत्र्य आणि इंग्लंडचा राजमुकुट



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात असा प्रश्न आला असेल की, ही उठाठेव आपण कशाला करावी? ऑस्ट्रेलिया हा देश आपल्याला क्रिकेटमुळे घरोघर ठाऊक आहे. अलीकडे आपली मुले तिकडे शिकावयास आणि नोकरीस जातात, म्हणून त्याचे नाव कानांवर अधिक पडते. पण तिथे राजा असला काय आणि नसला काय, आपले त्यात काय गेले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही एका तारखेपासून देऊ इच्छितो.

ती तारीख २६ जानेवारी. ह्या दिवशी १९३० साली आपण पूर्ण स्वातंत्र्याची शपथ घेतली आणि ह्याच दिवशी १९५० साली भारत गणराज्य झाला. इंग्लंडच्या राजाशी असलेला आपला कायद्याचा संबंध त्या दिवशी संपला. ऑस्ट्रेलियातही २६ जानेवारी हाच राष्ट्रीय दिन आहे. परंतु तो कशाचा? १७८८ साली कॅप्टन आर्थर फिलिप ह्यांनी कैद्यांनी भरलेली जहाजे घेऊन सिडनीच्या खाडीत इंग्लंडचे निशाण रोवले, त्याचा. म्हणजे ज्या तारखेला आपण मुकुटाला निरोप दिला, त्याच तारखेला तिकडे मुकुट येऊन बसला. त्या घटनेला १५० वर्षे झाली तेव्हा, १९३८ साली, सरकारी थाटामाटात मिरवणुका निघत असताना तिथल्या मूळ रहिवाशांनी सिडनीत सभा भरवून तो दिवस शोकदिन म्हणून पाळला. एकाच दिवसाचे असे तीन अर्थ आहेत.

आजही ऑस्ट्रेलियाला राजा आहे. तिसरे चार्ल्स हे इंग्लंडचे राजे आहेत, आणि कायद्याच्या भाषेत ते ‘ऑस्ट्रेलियाचे राजे’ही आहेत. ऑस्ट्रेलिया स्वतंत्र आहे ह्याविषयी कोणाला शंका नाही. तो आपले कायदे आपण करतो, आपले सैन्य आपण ठेवतो, आपले तह आपण करतो. मग हा राजा तिथे करतो तरी काय? आणि तो जात का नाही? ह्या दोन प्रश्नांचा विचार आज आपण करू. त्या विचाराचा शेवट आपल्या घराशी येऊन ठेपतो, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो.

प्रथम, ऑस्ट्रेलिया स्वतंत्र कधी झाला? ह्या साध्या प्रश्नाला साधे उत्तर नाही. १ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहती एकत्र येऊन संघराज्य झाले. त्याची घटना ऑस्ट्रेलियन पुढाऱ्यांनीच लिहिली होती आणि तिथल्या मतदारांनी ती मंजूर केली होती. परंतु कायदा म्हणून ती संमत झाली ती लंडनच्या पार्लमेंटात. १९३९ च्या सप्टेंबरात इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा पंतप्रधान मेन्झीज ह्यांनी आपल्या लोकांना सांगितले की, इंग्लंड युद्धात उतरले आहे, त्या अर्थी आपणही युद्धात आहोत. त्याच दिवशी आपल्याकडे व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांनीही भारताला कोणाला न विचारता युद्धात ओढले, आणि पुढे प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. आपण रागावलो. ऑस्ट्रेलियाला त्यात वावगे वाटले नाही. दोन देशांच्या मनोवृत्तीतला फरक इथे दिसतो.

१९३१ साली लंडनच्या पार्लमेंटाने वेस्टमिन्स्टरचा कायदा करून वसाहतींना आपापले कायदे करण्याची पूर्ण मोकळीक दिली. ऑस्ट्रेलियाने तो कायदा स्वीकारला कधी? १९४२ साली, आणि तोही १९३९ च्या सप्टेंबरापासून लागू झाला असे मागाहून ठरवून. स्वातंत्र्य अकरा वर्षे दाराशी उभे होते आणि घरातल्यांनी कडी काढली नाही! अखेर कडी निघाली ती जपानी सैन्य दाराशी आले तेव्हा. इंग्लंडची फौज आपल्या मदतीस येऊ शकत नाही हे तेव्हा ध्यानात आले.

राजाचा प्रतिनिधी म्हणून जो गव्हर्नर जनरल येई, तोही बराच काळ इंग्लंडहूनच येई. १९३१ साली सर आयझॅक आयझॅक्स हे त्या भूमीत जन्मलेले पहिले गव्हर्नर जनरल झाले. राजे पाचवे जॉर्ज ह्यांना ही नेमणूक रुचली नव्हती, परंतु पंतप्रधान स्कलिन अडून बसले. आपल्याला ओळखीची वाटतील अशीही नावे ह्या यादीत आहेत. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे सेनापती स्लिम १९५३ पासून तिथे गव्हर्नर जनरल होते. आणि १९४४ ते १९४६ ह्या काळात बंगालचे गव्हर्नर असलेले केसी १९६५ साली त्या पदावर बसले. केसी हे ऑस्ट्रेलियनच होते, आणि त्यांच्यापासून पुढे हे पद ऑस्ट्रेलियन माणसाकडेच राहिले.

अखेरचा दुवा तुटला तो १९८६ साली. त्या वर्षी लंडन आणि कॅनबेरा अशा दोन्ही पार्लमेंटांनी मिळून ‘ऑस्ट्रेलिया ॲक्ट’ केला. तोवर घटक राज्यांच्या न्यायालयांवरचे अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात जात असे. आपल्याला प्रिव्ही कौन्सिल ठाऊक आहे ते ताईमहाराज प्रकरणामुळे. लोकमान्यांना तिथे न्याय मिळाला तो १९१५ साली. आपण १९४९ मध्ये तो दरवाजा बंद केला. ऑस्ट्रेलियाने तो पुरता बंद केला त्यानंतर ३७ वर्षांनी.

तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या स्वातंत्र्याची तारीख कोणती? १९०१, १९४२ की १९८६? रात्री दुधाला विरजण लावले आणि सकाळी दही मिळाले, तर ते कोणत्या घटकेला झाले हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. भांडण झाले नाही, रक्त सांडले नाही, तुरुंग भरले नाहीत. निदान गोऱ्या वसाहतवाल्यांना तरी ते भरावे लागले नाहीत. हे त्यांचे भाग्य म्हणावयाचे. परंतु ह्या भाग्याची एक किंमत असते. जे स्वातंत्र्य मागावे लागत नाही, त्याच्या अटीही कोणी नीट वाचून पाहत नाही.

त्या अटींत काय लिहिले होते, हे कळण्यासाठी आपण क्षणभर साताऱ्याला जाऊ.

पेशवाईत सत्ता पुण्यास होती. छत्रपती साताऱ्यास असत आणि कारभारात त्यांचे काही चालत नसे. तरीही पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. १७७३ साली नारायणरावांचा खून झाला आणि रघुनाथरावांना वस्त्रे मिळाली. आणि पुढल्याच वर्षी तीच वस्त्रे चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना मिळाली. वस्त्रे देणाऱ्याच्या हाती बळ नव्हते, हे खरे. परंतु वस्त्रांवाचून पेशव्यालाही अधिकार नव्हता, हेही तितकेच खरे. सर्व काही सुरळीत असेल तोवर वस्त्रे हा एक उपचार असतो. ज्या दिवशी दोन दावेदार उभे राहतात, त्या दिवशी तो उपचारच निर्णय ठरतो.

ऑस्ट्रेलियाच्या घटनेतही अशीच वस्त्रे आहेत. तिच्या ६१ व्या कलमात म्हटले आहे की, कारभाराची सत्ता राणीच्या ठायी आहे आणि गव्हर्नर जनरल ती राणीचा प्रतिनिधी म्हणून वापरील. ६४ वे कलम सांगते की, मंत्री हे गव्हर्नर जनरलची मर्जी असेपर्यंत पदावर राहतील. पंतप्रधान नावाच्या इसमाचा त्या संबंध घटनेत उल्लेखच नाही! गव्हर्नर जनरलने पंतप्रधानाच्या सल्ल्याने वागावे, हा संकेत आहे. तो कागदावर नाही. लोक म्हणत की, कागदावर नसले तरी काय बिघडले, सभ्य माणसे संकेत पाळतातच. पाऊणशे वर्षे ते पाळले गेलेही.

मग उजाडला ११ नोव्हेंबर १९७५.

मजूर पक्षाचे गॉफ व्हिटलम तेव्हा पंतप्रधान होते. १९७२ आणि १९७४ अशा दोन निवडणुका त्यांनी जिंकल्या होत्या. कनिष्ठ सभागृहात त्यांचे बहुमत होते, सिनेटमध्ये नव्हते. त्यांच्या सरकारने कर्ज उभारण्याच्या भानगडीत अब्रू घालवली होती आणि महागाईने लोक त्रासले होते. विरोधी पक्षाचे पुढारी माल्कम फ्रेझर ह्यांनी ही संधी साधली आणि ऑक्टोबरच्या मध्यास सिनेटने सरकारच्या खर्चाची मंजुरी अडवून धरली. फ्रेझर म्हणाले, निवडणूक घ्या. व्हिटलम म्हणाले, ज्या सभागृहावर सरकार उभे असते ते माझ्या पाठीशी आहे. मी हलणार नाही. चार आठवडे हा पेच चालला. सरकारी तिजोरीतले पैसे संपत आले.

गव्हर्नर जनरल होते सर जॉन कर. हे निष्णात कायदेपंडित, आणि त्यांची शिफारस खुद्द व्हिटलम ह्यांनीच राणीकडे केलेली होती. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास व्हिटलम त्यांच्याकडे गेले, ते सिनेटच्या निम्म्या जागांची निवडणूक घेण्याचा सल्ला देण्यासाठी. तो सल्ला ऐकण्याऐवजी कर ह्यांनी त्यांच्या हाती बडतर्फीचे पत्र ठेवले. फ्रेझर त्याच वास्तूत दुसऱ्या खोलीत आधीच येऊन बसले होते. काही मिनिटांत त्यांनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. सिनेटने अडवलेला खर्च दुपारी अडीचच्या आत मंजूर झाला. मजूर पक्षाच्या सिनेटरांना आपला पंतप्रधान पदच्युत झाल्याची वार्ताही तेव्हा नव्हती. तीननंतर कनिष्ठ सभागृहाने फ्रेझर ह्यांच्यावर अविश्वास दाखवणारा ठराव ६४ विरुद्ध ५४ मतांनी संमत केला आणि सभापतींना तो गव्हर्नर जनरलकडे नेण्यास सांगितले. सभापतींना ताटकळत ठेवण्यात आले. दरम्यान गव्हर्नर जनरलचे चिटणीस पार्लमेंटच्या पायऱ्यांवर आले, त्यांनी पार्लमेंट विसर्जित झाल्याचा जाहीरनामा वाचला, आणि शेवटी ‘ईश्वर राणीचे रक्षण करो’ असे शब्द उच्चारले. ज्या सभागृहाने नव्या पंतप्रधानावर अविश्वास दाखवला, ते सभागृहच आता उरले नव्हते.

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. कर ह्यांचे समर्थक म्हणतात, तिजोरी रिकामी होत असताना गव्हर्नर जनरलने हात बांधून बसावे काय? त्यांनी सरन्यायाधीशांचा सल्ला घेतला होता. त्यांनी सत्ता स्वतःकडे ठेवली नाही. त्यांनी प्रश्न लोकांपुढे टाकला. आणि १३ डिसेंबर १९७५ च्या निवडणुकीत लोकांनी फ्रेझर ह्यांना १२७ पैकी ९१ जागा दिल्या. ह्याहून स्पष्ट कौल तो कोणता?

हे म्हणणे झटकून टाकण्यासारखे नाही. परंतु लोकांनी पुढे कोणाला मते दिली हा एक प्रश्न, आणि बहुमत असलेल्या पंतप्रधानाला इशाराही न देता दूर करण्याचा अधिकार कोणाचा, हा निराळा प्रश्न. कर ह्यांनी इशारा का दिला नाही? कारण गव्हर्नर जनरलला काढण्याची शिफारस पंतप्रधान राणीकडे करू शकतो. इशारा दिला तर आपणच आधी जाऊ, ही भीती कर ह्यांना होती. म्हणजे एका लोकशाही देशाची दोन सर्वोच्च माणसे आधी वार कोण करतो ह्या शर्यतीत होती, आणि त्या शर्यतीचे टोक होते हजारो मैल दूर असलेल्या राजवाड्यात.

त्या राजवाड्याने काय केले? सभापतींनी राणीला पत्र लिहून हस्तक्षेपाची विनंती केली. राणीच्या खासगी चिटणीसांकडून उत्तर आले, त्याचा आशय असा की, हे अधिकार ऑस्ट्रेलियाच्या घटनेने गव्हर्नर जनरलला दिले आहेत. राणीने त्यात पडणे योग्य नव्हे. उत्तर कायद्याला धरून होते. पण पाहा, काय चमत्कार आहे! सत्ता राणीच्या नावाची, वापरणारा प्रतिनिधी; आणि जाब विचारू गेले तर राणी म्हणते ती प्रतिनिधीची, आणि प्रतिनिधी म्हणतो ती राणीच्या नावाने. लोकांनी दार ठोठवावे तरी कोणाचे?

ह्या प्रकरणाला आणखी एक शेपूट आहे. गव्हर्नर जनरल आणि राजवाडा ह्यांच्यात त्या काळात जो पत्रव्यवहार झाला, तो ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात होता. पण तो ‘खासगी’ आहे असे सांगून अभ्यासकांना दाखवला जात नसे. एका ऑस्ट्रेलियन राणीने तिच्या ऑस्ट्रेलियन प्रतिनिधीशी ऑस्ट्रेलियन सरकारविषयी केलेला पत्रव्यवहार, आणि तो म्हणे खासगी! जेनी हॉकिंग ह्या इतिहासाच्या विदुषींनी २०१६ साली न्यायालयात धाव घेतली. खालच्या न्यायालयांत त्या हरल्या, पण मे २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि जुलैमध्ये दोनशेहून अधिक पत्रे खुली झाली. त्यांवरून दिसले की, पंतप्रधानाला काढण्याच्या अधिकाराची चर्चा कर ह्यांनी राजवाड्याशी आधीपासून चालवली होती. प्रत्यक्ष बडतर्फीची वेळ मात्र त्यांनी आधी कळवली नव्हती. राणीला आधी ठाऊक नसणेच बरे, असे त्यांनी त्याच दिवशी लिहिले होते. आपल्या देशात काय घडले हे समजण्यासाठी त्या देशाच्या नागरिकांना ४५ वर्षे थांबावे लागले. ‘राजा काय, नुसता शोभेचा’ असे जे म्हणतात, त्यांनी ह्या ४५ वर्षांचा हिशोब द्यावा.

इतके झाल्यावर लोकांनी राजपद तत्काळ मोडीत काढले असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. हा धागा तुटत का नाही?

तिथे घटना बदलावयाची तर सार्वमत घ्यावे लागते. देशात एकूण बहुमत तर हवेच, शिवाय सहापैकी निदान चार राज्यांतही बहुमत हवे. आजवर ४५ प्रस्ताव लोकांपुढे गेले आणि त्यांतले आठच संमत झाले. भारताने हे काम घटना समितीत केले. मॉरिशसने, जिथे आपले मराठी बांधव पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत, ते १९९२ साली पार्लमेंटात केले. बार्बाडोसने २०२१ साली तसेच केले. ऑस्ट्रेलियाची वाट मुळातच चढाची आहे.

६ नोव्हेंबर १९९९ रोजी प्रजासत्ताकाचा प्रस्ताव लोकांपुढे आला. त्याच्या आदल्या वर्षी १५२ प्रतिनिधींची परिषद कॅनबेऱ्यात भरली होती आणि तिने योजना ठरवली होती. राणीच्या जागी राष्ट्राध्यक्ष यावा, आणि तो पार्लमेंटाने दोन तृतीयांश मतांनी निवडावा. ह्यावर प्रजासत्ताकवाल्यांतच फूट पडली. एक गट म्हणाला, राष्ट्राध्यक्ष आम्ही लोक निवडणार; पुढाऱ्यांनी आपसांत वाटून घेतलेला राष्ट्राध्यक्ष आम्हांला नको. दुसरा म्हणाला, लोकांनी निवडलेला राष्ट्राध्यक्ष पंतप्रधानाच्या उरावर बसेल. शिवाय त्या योजनेत पंतप्रधानाला एका लेखी चिठ्ठीने राष्ट्राध्यक्षाला दूर करण्याची मुभा होती. राजपक्षाचे लोक हसत बाजूला उभे राहिले. त्यांनी राणीची स्तुती फारशी केलीच नाही. ‘कळत नसेल तर नको म्हणा’ एवढेच ते सांगत सुटले. निकाल लागला : होय ४५ टक्के, नाही ५५ टक्के, आणि सहांपैकी एकाही राज्यात बहुमत मिळाले नाही.

म्हणजे राणी जिंकली ती आपल्या बळावर नव्हे. रिकाम्या होणाऱ्या खुर्चीवर कोणी बसावे ह्यावर घरात एकमत झाले नाही, म्हणून जुना पाहुणा तसाच बसून राहिला. असून अडचण आणि नसून खोळंबा, अशी त्याची गत आहे.

त्याच वर्षीची एक मौज सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. घटनेच्या ४४ व्या कलमाप्रमाणे परकीय सत्तेचा नागरिक पार्लमेंटात बसू शकत नाही. क्वीन्सलंडमधून सिनेटवर निवडून आलेल्या एका बाई ब्रिटिश नागरिकही होत्या. जून १९९९ मध्ये न्यायालयाने ठरवले की, ब्रिटन ही ऑस्ट्रेलियाच्या दृष्टीने परकीय सत्ता आहे; सबब बाईंची निवड रद्द. आता पाहा : ब्रिटनचा साधा नागरिक ऑस्ट्रेलियाच्या पार्लमेंटात बसू शकत नाही, पण ब्रिटनचा राजा ऑस्ट्रेलियाच्या सिंहासनावर बसू शकतो. आणि पार्लमेंटात शिरताना प्रत्येक सभासदाला शपथ घ्यावी लागते ती त्याच राजाशी एकनिष्ठ राहण्याची! वकील मंडळी सांगतात की, ब्रिटनचा राजा आणि ऑस्ट्रेलियाचा राजा ह्या कायद्याने दोन निरनिराळ्या व्यक्ती आहेत, देह तेवढा एक आहे. अद्वैताची सवय असलेल्या आपल्या श्रोत्यांना हे कळण्यास अडचण पडू नये.

ह्या धाग्याला कधीमधी हास्यास्पद गाठीही पडतात. पंतप्रधान टोनी ॲबट ह्यांनी बंद पडलेला ‘सर’ हा किताब पुन्हा सुरू केला, आणि २०१५ च्या २६ जानेवारीस तो बहाल केला तो राणीचे पती प्रिन्स फिलिप ह्यांना. आपल्या राष्ट्रीय दिनी आपल्या देशाचा मान इंग्लंडच्या राजपुत्राला, हे पाहून सारा देश हसला. त्याच वर्षी सप्टेंबरात ॲबट ह्यांचे पद गेले. कारणे अनेक होती, पण हे हसू त्यांत होते. पाठोपाठ तो किताबही गेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो असा.

८ सप्टेंबर २०२२ रोजी राणी एलिझाबेथ वारली. सत्तर वर्षांची ओळख संपली. आता तरी हालचाल होईल असे पुष्कळांना वाटले. पाच डॉलरच्या नव्या नोटेवर राजाचे चित्र येणार नाही, त्याऐवजी मूळ रहिवाशांच्या संस्कृतीचे चित्र येईल, असे तिथल्या रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. प्रजासत्ताकासाठी एक उपमंत्रीही २०२२ मध्ये नेमला गेला होता. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये मूळ रहिवाशांना पार्लमेंटापुढे स्वतःचा आवाज देणारे सार्वमत सर्व सहा राज्यांत हरले, आणि सार्वमत ह्या शब्दाचीच सरकारने धास्ती घेतली. २०२४ मध्ये त्या उपमंत्र्याचे खाते गुंडाळले गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात राजे चार्ल्स कॅनबेऱ्यास आले असता लिडिया थॉर्प ह्या मूळ रहिवाशांपैकी असलेल्या सिनेटरांनी भर सभेत, तुम्ही आमचे राजे नव्हेत, असे ओरडून सांगितले. त्यांची रीत कोणास आवडो न आवडो. ज्यांच्या पूर्वजांशी १७८८ साली कोणताही करार न करता जमीन मुकुटाच्या नावे झाली, त्यांच्या लेखी मुकुट ही नोटेवरची तसबीर नव्हे. तो जमिनीच्या दाव्यातला प्रतिवादी आहे.

श्रोतेहो, आता आम्ही घराकडे वळतो.

१५ ऑगस्ट १९४७ ला आपण स्वतंत्र झालो, तरी २६ जानेवारी १९५० पर्यंत कायद्याने आपलाही राजा सहावे जॉर्जच होता. माउंटबॅटन आणि त्यांच्यानंतर राजाजी हे त्या राजाचे गव्हर्नर जनरलच होते. एप्रिल १९४९ मध्ये लंडनला असे ठरले की, भारत गणराज्य होईल आणि तरी राष्ट्रकुलात राहील. राजा त्या मंडळाचे केवळ प्रतीक असेल. दोन वर्षे आणि पाच महिन्यांत आपण ही गाठ सोडवली. ह्याचा अभिमान जरूर बाळगावा.

परंतु अभिमानाबरोबर आपली घटनाही काढून वाचावी. तिच्या १६४ व्या कलमात काय म्हटले आहे? मंत्री राज्यपालाची मर्जी असेपर्यंत पदावर राहतील. हे शब्द ओळखीचे वाटतात ना? ऑस्ट्रेलियाच्या ६४ व्या कलमातले ते सख्खे भावंड आहे. आपण राजाला निरोप दिला, पण त्याची ‘मर्जी’ पाटावर बसवून ठेवली. डॉक्टर आंबेडकरांना ह्यातला धोका दिसत होता. नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीपुढे त्यांनी बजावले होते की, घटनेची नीती ही माणसाला उपजत नसते; ती जोपासावी लागते.

ती जोपासली गेली काय? राज्याराज्यांतली किती सरकारे राजभवनातल्या एका कागदाने गेली, हे आपण पाहिलेले आहे. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, बहुमताचा निवाडा सभागृहात व्हावा, राजभवनात नव्हे. आणि आपल्या महाराष्ट्राच्याच प्रकरणात ११ मे २०२३ रोजी त्याच न्यायालयाने म्हटले की, बहुमत सिद्ध करण्यास सांगण्याइतका वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांपुढे नव्हता. मात्र मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला असल्याने त्यांना परत बसवता येणार नाही. त्या राजकारणात कोणाची बाजू बरोबर हे ठरवण्याचे हे व्यासपीठ नव्हे. आम्ही बोट ठेवतो ते एवढ्यावरच की, इथेही निवाडा झाला तो घटना घडून गेल्यावर, आणि घडलेले परत फिरले नाही. तिकडे राजा आहे, इकडे नाही. पण मर्जीचा स्वभाव दोन्हीकडे एकच.

ह्यावर उपाय नाही असे नाही. १९७५ च्या पेचाला आधी खतपाणी मिळाले होते ते एका मोडलेल्या संकेतामुळे. सिनेटरची जागा मध्येच रिकामी झाली तर ती त्याच्याच पक्षाच्या माणसाला द्यावी, हा संकेत क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स ह्या राज्यांच्या सरकारांनी मोडला होता. ऑस्ट्रेलियन लोकांनी १९७७ साली सार्वमत घेऊन तो संकेत घटनेत लिहूनच टाकला. ते सार्वमत जिंकले. गव्हर्नर जनरलचे अधिकार मात्र तसेच मोघम राहिले, आणि आजही आहेत. जे लिहिले गेले ते सुधारले. जे सभ्यतेवर सोडले ते पुढच्या पेचाची वाट पाहत आहे.

आमच्या मते ह्या सगळ्याचा मथितार्थ असा. राजाची तसबीर भिंतीवर आहे की नाही, ह्यावरून देशाचे स्वातंत्र्य मोजू नये. ते मोजावे दोन प्रश्नांनी : कठीण वेळी शेवटचा शब्द कोणाचा? आणि तो शब्द उच्चारणाऱ्याला आपण जाब विचारू शकतो काय? ऑस्ट्रेलियाला पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका नोव्हेंबरच्या दुपारी अवचित कळले, आणि दुसऱ्याचे मिळवण्यासाठी ४५ वर्षे लागली. तिथले लोक उद्या राजाला निरोप देतील, अथवा देणार नाहीत. तो त्यांचा अधिकार आहे. पण नुसते नाव बदलून ‘मर्जी’ तशीच ठेवली, तर त्यांना राजाऐवजी राष्ट्राध्यक्षाच्या नावाची ११ नोव्हेंबर पाहावी लागेल. आणि राजा घालवल्याच्या समाधानात आपण आपली ‘मर्जी’ तपासायची राहून गेलो, तर त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.

वस्त्रे कोणाच्या नावाने येतात ह्यावर आपण पुष्कळ वाद घातले. ती कोणत्या नियमाने द्यावयाची, हे लिहून घेण्याचे काम अजून शिल्लक आहे. ते नागरिकांनी मागितल्यावाचून होणार नाही, कारण ज्यांच्या हाती मर्जी आहे ते आपण होऊन ती कागदावर आणत नसतात.